हा तोच माऊस कशावरून?

दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप अजून रोज वापरात आहे अशी घरं महाराष्ट्रात पुष्कळ सापडतील. बॅटरी तासाभरात मान टाकते, बिजागरी सैल झालेली असते, एखादी कळ दोनदा दाबावी लागते. पण पत्रं टाइप करणं, बँकेची कामं, परदेशातल्या लेकीशी व्हिडिओ कॉल, एवढ्याला तो पुरून उरतो. अडतं ते घरात नवा ब्लूटूथवर चालणारा वायरलेस माऊस आला की. माऊसच्या पोटावरचं बटण दाबून धरलं की बारीक दिवा लुकलुकू लागतो. लॅपटॉपवर शोध सुरू होतो, बराच वेळ चालतो आणि शेवटी एकही डिव्हाइस सापडलं नाही अशी पाटी उमटते. माऊस वीतभर अंतरावर लुकलुकतोच आहे.

अशा वेळी माणूस दुकान गाठतो किंवा भाच्याला फोन लावतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या पाटीत एक प्रश्न आहे, जो भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं तपासला. जे सापडलं नाही ते ‘नाही’ असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आणि केव्हा मिळतो?

जमिनीवर घट नाही, हे ज्ञान माणसाला होतं कसं? डोळ्यांना जमीन दिसते. घटाचा अभाव काही डोळ्यांवर येऊन आदळत नाही. म्हणून सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र, सहावं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. अद्वैत वेदान्त्यांनी ते उचललं. मीमांसेतल्याच प्रभाकरांच्या अनुयायांनी नाकारलं. नैयायिकांनी अभाव हा खरा पदार्थ मानला, पण तो कळायला वेगळं प्रमाण लागत नाही असं बजावलं. वाद लांबला, तरी त्यातून एक मोलाची अट निघाली: न दिसणं हा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो तिथे नाही असं ठरत नाही. पिशाच तर भर दुपारीही दिसायच्या योग्यतेचं नाही, म्हणून ते न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. योग्यानुपलब्धी ती हीच.

आता लॅपटॉपकडे वळावं. २०१० साली ब्लूटूथची ४.० ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ‘लो एनर्जी’ नावाचा नवा प्रकार आला. जुना ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत बोलतो. लो एनर्जीने त्याच पट्ट्याचे ४० भाग केले आणि त्यातले तीन ‘मी इथे आहे’ असं पुकारण्यासाठी राखून ठेवले. पट्टा एकच, बोली वेगळी. त्याआधीचा रेडिओ बसवलेल्या लॅपटॉपला, केवळ लो एनर्जी बोलणारा माऊस कितीही जवळ आणला तरी ऐकू येणार नाही. विंडोज ७ला तर मुळातच लो एनर्जीचं अंग नव्हतं. ते विंडोज ८पासून आलं. अशा यंत्राची ‘सापडलं नाही’ ही पाटी खरी आहे, पण तिचा अर्थ ‘नाही’ असा घेणं ही कुमारिलांच्या कसोटीवर सरळ चूक आहे. शोधणाऱ्याची योग्यताच तिथे अपुरी आहे.

सांख्यांनी हा विचार आणखी बारकाईने केला होता. ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेत असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणं मोजून दिली आहेत. ब्लूटूथचा त्रास निस्तरणाऱ्या कुठल्याही कारागिराने ती भिंतीवर लावून ठेवावीत अशी आहेत. त्यांतली काही अशी. फार दूर असणं: घरगुती उपकरणांचा पल्ला साधारण दहा मीटरचा. आड काही येणं: टेबलाखालच्या लोखंडी कॅबिनेटच्या मागल्या बाजूला खोचलेला डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचा रेडिओ. इंद्रियाचा बिघाड तर वर आलाच. मन दुसरीकडे असणं हे कारण विशेष पाहण्यासारखं आहे. हेडफोन कानावर असतात, चालू असतात, पण आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या फोनशी ते आधीच जोडले गेलेले असतात आणि लॅपटॉपच्या हाकेला ओ देत नाहीत. घरोघरी बराच वेळ याच कारणापायी जातो.

सातवं कारण अभिभवाचं. सूर्याच्या तेजात नक्षत्रं असूनही दिसत नाहीत, हे त्याचं परंपरेतलं उदाहरण. २०१२ साली इंटेल कंपनीने एक तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला. यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि शेजारच्या वायरलेस माऊसचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो, असं त्यात मोजमापांसह दाखवलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क लावली की माऊस अडखळतो, काढली की सुरळीत चालतो, या तक्रारीचं मूळ तिथे आहे. उपायही साधा: छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल हार्ड डिस्कपासून दूर न्यायचा. आठवं कारण सारख्यांत मिसळून जाण्याचं, मुगाच्या राशीत टाकलेल्या मुगासारखं. ज्या ऑफिसात एकाच कंपनीचे वीस हेडसेट आहेत तिथे शोधयादीत एकच नाव वीसदा येतं. आपला कुठला ते यादी सांगत नाही.

इथवर प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच होता. डिव्हाइस सापडलं की दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. सापडलेलं हे तेच आहे का?

२००७ सालच्या २.१ आवृत्तीपासून पहिल्या भेटीची रीत बदलली. त्याआधी ‘००००’ किंवा ‘१२३४’ असा परवलीचा आकडा दोन्हीकडे भरला की काम भागत असे. आता दोन्ही यंत्रं आपापली अर्धी माहिती उघड्यावर पाठवतात आणि तिच्यापासून दोघांकडे एकच गुप्त किल्ली स्वतंत्रपणे तयार होते. खुद्द किल्ली हवेतून कधीच जात नाही. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेल्या गणिताचा हा उपयोग. पण या गणिताला एक मोठं भगदाड आहे. समोरचा कोण, हे ते सांगत नाही. मध्येच तिसरा बसला आणि दोघांशी वेगवेगळी बोलणी करू लागला, तर दोघांनाही पत्ता लागणार नाही. म्हणून दोन्ही पडद्यांवर सहा अंकी आकडा येतो आणि माणसाला विचारलं जातं: दोन्हीकडे आकडा एकच आहे ना? दोन यंत्रांची खात्री पटवून द्यायला साक्षीदार लागतो, आणि तो पडद्याबाहेर खुर्चीवर बसलेला असतो. माऊसला पडदा नसल्याने तिथे ही साक्ष वगळावी लागते आणि जोडणी विश्वासावर होते. दूर बसून कान देणाऱ्यापासून ती वाचते, मध्ये घुसणाऱ्यापासून नाही.

ओळख पटते कशी, याचा विचार करणारे काश्मीरचे तत्त्वज्ञ उत्पलदेव दहाव्या शतकात होऊन गेले. ज्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाच्या नावावरून हे तंत्र ओळखलं जातं, तोही त्याच शतकातला. उत्पलदेवांच्या प्रत्यभिज्ञा-दर्शनात, म्हणजे ओळखीच्या तत्त्वज्ञानात, एक दृष्टान्त आहे. एक स्त्री केवळ गुण ऐकून एका पुरुषावर अनुरक्त झालेली असते. तो समोर येऊन उभा राहतो, पण तिच्या लेखी तो चारचौघांसारखाच. मग कुणीतरी त्याच्या गुणांकडे तिचं लक्ष वेधतं, आणि तत्क्षणी ‘तोच हा’ हे तिला उमगतं. समोर असणं पुरत नाही, माहिती असणंही पुरत नाही. दोन्ही एकत्र आणून देणारा एक क्षण लागतो. उत्पलदेवांना त्यातून जीव आणि शिव यांच्याविषयी सांगायचं होतं. जोडणीच्या खटपटीत त्या मोठ्या अर्थाचा अंशही नाही, पण ओळखीची घडण त्यांनी अचूक टिपली होती.

ही ओळख एकदा झाल्यावर राहते कुठे? लिनक्स ही कार्यप्रणाली चालवणाऱ्या जुन्या संगणकात ती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते. ‘व्हार’ फोल्डरात ‘लिब’, त्यात ‘ब्लूटूथ’. तिथे संगणकाच्या स्वतःच्या रेडिओचा पत्ता हेच नाव असलेला एक फोल्डर असतो, त्याच्या आत ओळखीच्या प्रत्येक उपकरणाच्या पत्त्याचा एकेक फोल्डर, आणि त्यात ‘इन्फो’ नावाची छोटीशी मजकुराची फाइल. फाइलमध्ये उपकरणाचं नाव असतं. ‘ट्रस्टेड’समोर हो किंवा नाही, ‘ब्लॉक्ड’समोर हो किंवा नाही. आणि बत्तीस चिन्हांची किल्ली. इतक्या दिवसांच्या सहवासाचा दुसरा कुठलाही माग नाही. तिथल्याच एका आज्ञेने उपकरणाची स्थिती विचारली तर ओळख झालेली असणं, विश्वास ठेवलेला असणं आणि या घडीला जोडलेलं असणं या तीन वेगवेगळ्या ओळी येतात. ओळख आहे पण विश्वास नाही, अशा उपकरणाला आपणहून आत येण्याची मुभा नसते, माणसाला विचारावं लागतं. माणसांच्या जगात या तीन गोष्टींची किती गल्लत होते! ज्यांनी ही आज्ञा लिहिली त्यांनी तीन ओळी वेगळ्या ठेवल्या, हे शहाणपण आहे.

आणि रोजची भेट? संगणक एक यादृच्छिक आकडा पाठवतो. माऊस आपल्याजवळची किल्ली वापरून त्याचं उत्तर काढतो. संगणक तेच गणित आपल्याकडे करतो आणि उत्तरं जुळली की दार उघडतं. कालच्या भेटीची आठवण या व्यवहारात कुठेही येत नाही.

बौद्ध आणि नैयायिक यांच्यातला प्रदीर्घ वाद इथे थेट येऊन भिडतो. बौद्धांचं म्हणणं असं की दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते; ती तीच वाटते, कारण नवी ज्योत जुनीसारखी असते. कापलेले केस पुन्हा वाढले की आपण ‘तेच केस’ म्हणतो, तसंच. ‘हा तोच’ ही प्रतीती साम्यातून उपजलेली, तिच्यामागे टिकून राहणारी एकच वस्तू शोधू नये. नैयायिकांचं उत्तर न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेच आता हाताने स्पर्शतो आहे असं म्हणणारा कुणीतरी एक असायला हवा. एकाने पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही. बघणं आणि स्पर्शणं यांना एकत्र बांधणारा तो आत्मा.

संगणकात डोकावून पाहिलं तर बौद्धांची बाजू वरचढ दिसते. तिथे बांधणारा कुणी नाही, दोन किल्ल्यांचं जुळणं तेवढं आहे. स्वस्त नकली डोंगलांच्या बाबतीत तर वेगवेगळ्या नगांवर एकच पत्ता उमटलेला आढळला आहे. पत्ता केवळ अठ्ठेचाळीस बिटांचा आकडा. प्रत्येक नगाला वेगळा द्यायचा ही शिस्त उत्पादकाने पाळली नाही तर दोन वेगळी यंत्रं बाहेरून अगदी एक दिसतात. साम्यालाच एकत्व समजण्याचा इतका उघडा मासला शोधून सापडायचा नाही.

पण मग एकच शरीर आणि दोन स्मृती असतील तर? जुन्या संगणकांवर हे आता सर्रास घडतं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ अशा बऱ्याच यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही, म्हणून अनेकांनी त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवलं. सुरू करताना हे की ते विचारलं जातं. विंडोजमध्ये माऊस जोडला, छान चालला. लिनक्समध्ये जाऊन पुन्हा जोडला, तिथेही चालला. परत विंडोजमध्ये आलं की माऊस मुका. कारण असं: माऊसच्या दृष्टीने रेडिओचा पत्ता एकच, म्हणून संगणक एकच. दुसऱ्यांदा जोडताना त्याने पहिली किल्ली पुसून नवी ठेवली. विंडोज जुनी किल्ली घेऊन दारात उभं आहे, आणि जुन्या किल्लीला आता कुणी विचारत नाही.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत नेमका असा पेच घातला होता. एका राजपुत्राची स्मृती चांभाराच्या देहात गेली तर तो माणूस कोण? लॉकचं उत्तर स्मृतीच्या बाजूने होतं: व्यक्ती म्हणून तो राजपुत्रच. माऊसचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. आधी तो देह पाहतो, मग स्मृती तपासतो आणि दोन्ही जुळल्याशिवाय कुणालाच तो तोच मानत नाही. या तिढ्यावर जाणकार जो उपाय करतात तो आणखी विचारात टाकणारा आहे. माऊस आधी लिनक्समध्ये जोडायचा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत जपलेली किल्ली काढून लिनक्सच्या त्या ‘इन्फो’ फाइलीत हाताने लिहायची. मग ब्लूटूथची सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची. आता दोन्ही बाजू माऊसला सारख्याच जवळच्या. ज्या लिनक्सने ती किल्ली कधी तयार केली नव्हती, त्याला ती जणू स्वतःचीच आठवण म्हणून मिळाली. माऊसला फरक कळत नाही, लिनक्सलाही नाही. फरक ठाऊक आहे तो फक्त किल्ली उतरवून घेणाऱ्याला.

इथे नैयायिकांचा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो, आणि या वेळी तो टाळता येत नाही. यंत्राच्या आतला व्यवहार बौद्धांच्या मांडणीत पुरता बसतो हे कबूल. पण ‘तोच माऊस, तोच लॅपटॉप, फक्त मधली नोंद बदलली’ हे वाक्य कुणाचं? दोन स्मृतींना बाजूबाजूला ठेवून पाहणारा कुणी नसता तर बिघाड झाला आहे हेसुद्धा कुणी म्हणालं नसतं. यंत्रात किल्ल्या जुळतात. ओळख पटते ती माणसाला. न्यायाच्या या मुद्द्याला आजच्या यंत्रांनी धक्का दिला असं वाटू शकतं. जुन्या लॅपटॉपचा हा साधा गोंधळ मात्र त्याच मुद्द्याला बळ देतो.

नव्या उपकरणांनी तर देहाची खूणही सोडली. लो एनर्जी वापरणारे अनेक फोन आणि घड्याळं माग काढणाऱ्यांपासून वाचण्यासाठी आपला पत्ता सतत, साधारण दर पंधरा मिनिटांनी, बदलत राहतात. बाजारपेठेतल्या दुकानाने भिंतीत रेडिओ बसवून ठेवला तरी सकाळचा आणि दुपारचा पत्ता एकाच घड्याळाचा हे त्याला कळत नाही. ज्याच्याजवळ ओळखीची खास किल्ली आहे त्यालाच नव्या पत्त्यातून जुनं उपकरण ओळखता येतं. परक्यासाठी दर पंधरा मिनिटांनी नवं, आपल्या माणसासाठी तेच. एकाच वस्तूला क्षणिक आणि स्थिर अशी दोन्ही रूपं कुणाच्या नजरेतून पाहिली यावर मिळतात, हे बौद्ध आणि नैयायिक दोघांनाही बोलतं करणारं उदाहरण आहे.

विसरण्याची बाजू राहिली. संगणकाच्या यादीतून डिव्हाइस काढून टाकलं की ‘तर्कसंग्रह’ हा न्यायग्रंथ शिकलेला विद्यार्थी त्याला प्रध्वंसाभाव म्हणेल: होतं, आता नाही. जे अजून जोडलंच नाही त्याचा प्रागभाव. संगणकाला या दोन्हींतला भेद उरत नाही. नोंद नाही म्हणजे अनोळखी, मग तो काल आलेला असो वा कधीच न आलेला. पण माऊसच्या पोटात किल्ली अजून शाबूत असते. तो जुन्या ओळखीवर विसंबून हाक मारत राहतो, संगणक ओ देत नाही, आणि माऊसवरची नोंदही पुसेपर्यंत पुन्हा जोडणं कित्येकदा जमत नाही. उलटही घडतं. बरेच हेडफोन आठ साधनं लक्षात ठेवतात, नववं जोडलं की सर्वांत जुनं गळून पडतं. घरातला जुना लॅपटॉप नेमका असाच गळतो, आणि त्याच्या यादीत हेडफोनचं नाव तसंच राहतं.

एकतर्फी ओळख धोक्याचीही आहे. २०२० साली डॅनिएले अँटोनिओली, निल्स टिपेनहाऊर आणि कॅस्पर रासमुसेन या संशोधकांनी दाखवून दिलं की ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीत दोघांनी एकमेकांना तपासण्याची सक्ती नव्हती. एकाने दुसऱ्याला तपासलं तरी पुरत होतं. तोतया ओळखीच्या उपकरणाचा पत्ता धारण करून येई, तपासणाऱ्याची भूमिका स्वतःकडे घेई आणि किल्ली जवळ नसतानाही जुना परिचित म्हणून आत शिरे. ही त्रुटी मान्य झाली, नव्या उपकरणांसाठी दुरुस्त्याही निघाल्या. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या रेडिओपर्यंत मात्र अशा दुरुस्त्या सहसा पोचत नाहीत. म्हणून जुन्या संगणकावर ब्लूटूथ लागेल तेव्हाच चालू करावं, आणि परवलीचे शब्द टाइप करायला वायरचा कीबोर्ड वापरावा.

शेवटची विनंती जुना लॅपटॉप भंगारवाल्याला किंवा ओळखीच्या मुलाला देऊन टाकणाऱ्यांना. फोटो आणि कागदपत्रं सगळेच पुसतात. त्या ‘इन्फो’ फाइली आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी बहुधा तशाच डिस्कवर राहतात, आणि त्यांत तुमच्या हेडफोनच्या, कीबोर्डच्या, कधी फोनच्याही किल्ल्या असतात. देण्याआधी संगणकाच्या यादीतलं एकेक नाव काढा, मग त्या प्रत्येक उपकरणावर जाऊन तिथूनही या संगणकाचं नाव पुसा, आणि डिस्क पूर्ण फॉरमॅट करूनच ती दुसऱ्याच्या हाती द्या.